लोकरीचे पक्षी: पहिल्या पिंगळ्यापासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत

कलादालनात लोकरीचे पक्षी मांडलेले असले की बघणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "क्रोशाचे आहेत का हो?" आणि "हात लावून बघू?" दुसऱ्याचं उत्तर खाली येईलच. पहिल्याचं उत्तर असं, की हे पक्षी विणलेले नसतात, शिवलेले नसतात आणि त्यांच्या पोटात कापूसही भरलेला नसतो. आतून-बाहेरून सगळी लोकर, सुईने टोचून टोचून घट्ट केलेली. या कामाला नीडल फेल्टिंग म्हणतात. ज्यांना शर्टाचं बटण धड लावता येत नाही त्यांनाही ते जमतं.

तत्त्व सोपं आहे. लोकरीच्या तंतूवर डोळ्याला न दिसणारे खवले असतात. फेल्टिंगच्या सुईच्या टोकाजवळ बारीक खाचा असतात, त्यांची तोंडं खालच्या दिशेने. सुई आत जाताना थोडे तंतू सोबत ओढून नेते, बाहेर येताना एकटीच येते. ओढलेले तंतू आतच एकमेकांत गुंततात. हे हजारो वेळा झालं की भुसभुशीत लोकरीचा घट्ट गोळा होतो. पाणी-साबण घालून, चोळून आणि दाबूनही लोकर अशीच बसते. काश्मीरचा नमदा तसा होतो, आणि आपल्याकडचा जेनही. घोंगडी मागावर विणतात, जेन मात्र लोकरीचे थर दाबून केलेला असतो. तेव्हा सुई नवी असली तरी कल्पना आपल्याला परकी नाही.

आधी पक्षी बघा

नवशिक्यांचा सगळा जीव पिसांत अडकतो. पण पक्षी ओळखू येतो तो ढबीवरून. संध्याकाळी तारेवर बसलेल्या पक्ष्याचा रंग दिसत नाही, नुसता काळा आकार दिसतो. तरी तो खंड्या की कोतवाल हे लांबून कळतं. खंड्याचं डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, शेपूट आखूड. कोतवालाची शेपूट लांब आणि टोकाला दुभंगलेली. लोकरीत एकेक पीस उठवणं अवघड असतं, आकार मात्र फार देखणा उठतो. म्हणून सुरुवात कागदावर करा. निवडलेल्या पक्ष्याचा बाजूने दिसणारा आकार खऱ्या मापात काढा आणि आत काळा रंग भरून टाका. घरातल्या कुणाला तो दाखवून पक्षी ओळखता आला तरच पुढे जा. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक समोरून नाहीतर बाजूने काढलेले असतात. पाठ आणि डोक्याचा वरचा भाग दाखवणारा फोटो मुद्दाम शोधावा लागतो. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान दालनात पेंढा भरलेले पक्षी काचेआड निवांत बघता येतात. जिवंत पक्षी इतका वेळ देत नाही.

पहिला पक्षी म्हणून मी सगळ्यांना पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, सुचवते. त्याला मान जवळजवळ दिसत नाही, डोकं गोल, अंग अंडाकृती, शेपूट आखूड, आणि बसतो सरळ. लांबी साधारण २१ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. खऱ्या आकाराचा करायला झेपतो. शिंजीर फोटोत फार मोहक दिसतो, पण त्याची बाकदार सुईसारखी चोच आणि बोटाएवढं अंग नवख्या हाताला छळतं. बगळा, करकोचा यांचे लांब पाय तर नंतरच.

पिंगळा करायला घेतलाच आहे तर त्याच्या चुलतभावाची गोष्टही माहीत असू द्या. रानपिंगळा हा पक्षी १८८४ नंतर कुणालाच खात्रीने दिसला नव्हता. तो नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात सापडला, म्हणजे आपल्या नंदुरबारकडे. मधल्या काळातला एक नमुना होता, १९१४ सालचा, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला. तपासात निघालं ते असं, की तो एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, आतलं भरण बदलून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. पण डेव्हिडसन यांच्या भरण्याच्या पद्धतीच्या खुणा आत शिल्लक राहिल्या होत्या, आणि त्यांनीच चोरी उघडी पाडली.

आपल्या कामाला यातून एक नेमकी गोष्ट मिळते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, चोच आणि पंजे जास्त दणकट. एवढा फरक लोकरीत दाखवता आला तर पक्षी जाणणारा माणूस तुमच्या कामासमोर थांबतोच.

सामान

सुया नंबराने मिळतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ३६ नंबर आकार बसवायला, ३८ मधल्या कामाला, ४० किंवा ४२ वरचा थर आणि बारीक खुणांना. सुरुवातीला ३६ आणि ३८ जरा जास्त घ्या, कारण तुटतात त्याच.

खाली टोचायला जाड स्पंज चालतो, पण त्याचे कण लोकरीला लागतात आणि तो लवकर झिजतो. त्यापेक्षा गोणपाटाची छोटी पिशवी शिवून तीत तांदूळ गच्च भरा. स्वस्त पडते, पुष्कळ दिवस टिकते आणि सुईचं टोक अडत नाही.

लोकरीत मात्र फसगत होते. दुकानात "वूल" म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे अॅक्रिलिकचे असतात आणि आपल्याला तसाही पीळ दिलेला दोरा नको आहे. आपल्याला हवी पिंजलेली, सुटी लोकर. शंका आली तर एक चिमूट चिमट्यात धरून पेटवून बघा: लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, अॅक्रिलिक वितळून त्याची टणक गोळी होते.

दोन प्रकारची लोकर लागते. गाभ्याला जाडसर, स्वस्त, आणि वरच्या थराला मऊ, रंगवलेली. बहुतेक जण मेरिनो मेंढीची मऊ लोकरच सगळीकडे वापरायला जातात. ती गाभ्याला निसरडी पडते, वेळ फार खाते आणि खिशालाही जड जाते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अंगाला टोचते म्हणून तिला गिऱ्हाईक कमी, पण गाभ्यासाठी ती उत्तम. भराभर बसते आणि घट्ट राहते. धनगर मंडळी वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. ओळखीतून त्यांचा एखादा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, गाठता आला तर काळी, तपकिरी, राखाडी अशा नैसर्गिक छटांची लोकर मिळेल. पिंगळ्याला, चिमणीला, होल्याला रंगवलेल्या लोकरीपेक्षा ती जास्त शोभते. धुताना मात्र सांभाळा. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर नुसती बुडवून ठेवा, चोळू नका, आणि एकदम गार पाण्यात टाकू नका. नाहीतर बादलीतच नमदा तयार होतो. सावलीत वाळवून, काड्या-गोखरू वेचून मग पिंजा. पिंजायला कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश पुरतात. रंगांचं मिश्रणही त्यावरच होतं.

बाकी: पायांसाठी तांब्याची तार, पक्कड, डोळ्यांसाठी मणी, आणि अंगठ्या-तर्जनीला चामड्याच्या टोप्या. त्या पहिल्या दिवसापासून घाला. ही सुई शिवणाच्या सुईसारखी अलगद टोचत नाही, खाचांमुळे जास्त दुखवते.

गाभा बसवणे

पिंगळ्याच्या अंगासाठी जाडसर लोकर घ्या, कागदावरच्या आकाराच्या जवळजवळ दुप्पट फुगीर. टोचल्यावर ती बरीच आत बसते. तिचे पातळ पट्टे काढा आणि एकेक पट्टा घट्ट गुंडाळत, प्रत्येक गुंडाळीला टोचत जा. आधीच मोठा गोळा करून वरून टोचत बसलं तर बाहेर साल घट्ट होते आणि आत पोकळ राहतं. असा पक्षी चार दिवसांत कुठे ना कुठे बसका होतो.

सुई ज्या कोनात आत जाईल त्याच कोनात बाहेर आली पाहिजे. आत असताना तिने लोकर सरकवायला गेलात की टोक मोडलंच. ताकद लागत नाही, लय लागते. एकाच जागी टोचत राहिलात तर खड्डा पडतो, म्हणून हातातला गोळा सतत फिरवत राहा. मुद्दाम खड्डा हवा असेल, उदाहरणार्थ डोळ्यांच्या जागी, तर हीच गोष्ट कामी येते.

गाभा झाला की नाही हे अंगठ्याने दाबून ठरवायचं. पिकायला आलेल्या पेरूइतका लागला, म्हणजे दाबल्यावर किंचित दबून परत वर आला, की थांबा. इथे घाई केलेली पुढे कशानेच झाकत नाही. वरचा थर लावताना मऊ गाभा आणखी बसतो आणि आकार हातातून निसटतो.

डोकं वेगळं गोल करा आणि अंगाला जोडायच्या बाजूला लोकर सुटी, झिपरी ठेवा. हीच सुटी लोकर अंगात टोचली की जोड पक्का होतो. पंख आणि शेपूट पिशवीवर सपाट ठेवून करायची, त्यांचीही एक कडा झिपरी ठेवायची. डोकं बसवण्याआधी जरा खेळा: थोडं डावीकडे वळवा, थोडं झुकवा. पिंगळा कुणी जवळ आलं की डोकं खालीवर करून टक लावून बघतो. डोकं नेमकं समोर आणि सरळ बसवलं तर तो देवघरातल्या मूर्तीगत ताठ दिसतो. किंचित तिरकं बसवलं की लगेच "काय रे, काय पाहिजे?" असं विचारल्यासारखा दिसू लागतो. सगळ्या पक्ष्यांत मी सर्वात जास्त वेळ घालवते तो इथे.

रंगाचे थर

शेपटीकडून सुरू करून डोक्याकडे या. प्रत्येक वरचा थर खालच्याची कडा झाकतो, पक्ष्याच्या अंगावर पिसं असतात त्याच दिशेने. निखळ काळा आणि निखळ पांढरा रंग टाळा. पिंगळ्याचा तपकिरी रंग राखाडीकडे झुकणारा असतो. ब्रशवर तीन छटा अर्धवट मिसळा आणि मिश्रण पूर्ण एकजीव होण्याआधी थांबा. उरलेल्या रेषाच पिसांचा भास देतात.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी मोहरीएवढी लोकर बोटांत वळून गोळी करा आणि ४० नंबरच्या सुईने मधोमध टोचा, मग कडेने. डोक्यावर ठिपके बारीक आणि दाट, पंखांवर मोठे आणि विरळ. पोटावर ते आडव्या तुटक पट्ट्यांसारखे दिसतात. भुवया पांढऱ्या, गळ्याशी पांढरी पट्टी. इतकं झालं की पुरे. जास्त ठिपके टोचले की पिंगळ्याचा झेब्रा होतो.

डोळे, चोच, पाय

डोळ्यांसाठी आधी पिवळ्या लोकरीची चकती, तिच्यात काळा मणी. मणी डिंकाने चिकटवू नका, दोऱ्याने डोक्याच्या मागे ओढून गाठ मारा म्हणजे तो जरा आत रुततो. दोन डोळे एकाच पातळीत आहेत का, हे पक्षी आरशासमोर धरून बघा. चूक लगेच दिसते. चोच घट्ट टोचलेल्या लोकरीची करा आणि तिला फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात द्या. ती कडक होते.

पायांत तांब्याची तार. बांधकामावरची बाइंडिंग वायर घेऊ नका, ती पावसाळ्यात गंजते आणि गंज लोकरीत उतरतो. तारेवर भरतकामाचा दोरा गुंडाळायचा. बोटांची रचना मात्र पक्ष्यागणिक पाहावी लागते: चिमणी, बुलबुल, दयाळ यांची तीन बोटं पुढे, एक मागे, पोपट, तांबट, सुतार यांची दोन पुढे, दोन मागे. घुबडांना बाहेरचं एक बोट पुढे-मागे फिरवता येतं, त्यामुळे फांदीवर बसलेल्या पिंगळ्याची दोनच बोटं पुढे दाखवली तरी चालतं.

खरी पिसं लावायचा मोह होईल. लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा रानपक्ष्यांच्या पिसांनाही लागू होतो. रस्त्यात सापडलेलं पीस कुठून आलं हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि प्रदर्शनात ते सगळ्यांसमोर असणार. तसंही लोकरीत खरं पीस उपरंच दिसतं.

शेवटी चुंबक फिरवा. मोडलेल्या सुईचं टोक आत राहिलं असेल तर चुंबक तिथे ओढला जातो. तांब्याच्या तारेला तो चिकटत नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही. लहान मुलांच्या हाती जाऊ शकेल असा प्रत्येक पक्षी या तपासणीतून गेलाच पाहिजे.

प्रदर्शनाची जागा

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत, १९५२ पासून चालत आलेल्या त्या मानाच्या जागेत, तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पहिल्या प्रदर्शनासाठी तो विचार सोडा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन किंवा घोले रोडवरचं राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन अशा ठिकाणी नवख्यांची प्रदर्शनं होत असतात. एकट्याने सगळं दालन भरायला जाऊ नका. दोघा-तिघांनी मिळून घ्या, किंवा एखाद्या पक्षिमित्र मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनात एक कोपरा मागा. तिथे येणारे लोक तुमचा पिंगळा नुसता "गोड" म्हणून सोडून देत नाहीत, भुवया मोजतात.

जागा बघायला जाल तेव्हा भाड्याआधी हे विचारा: छताला हूक आहेत का? भिंतीला खिळा चालतो का? स्टँड मिळतात का? आपली बहुतेक दालनं चित्रांसाठी बांधलेली आहेत. भिंतीला वरून पट्टी असते, तिला चित्रं टांगतात. मधल्या जागेत ठेवायला काहीच नसतं. चौकोनी स्टँड मंडपवाल्याकडून भाड्याने मिळतात, पण त्यांवरचं चकचकीत कापड काढून टाका आणि पांढरा किंवा राखाडी कागद लावा.

मांडणी

कमी पक्षी मांडा. दहा चांगले पक्षी एका खोलीला पुरतात. एकाच टेबलावर तीस ओळीने ठेवले की ते प्रदर्शन राहत नाही, राखी-स्टॉल होतो.

बसणारे पक्षी खऱ्या फांदीवर बसवा. बाभळीची वाळकी फांदी सुंदर दिसते आणि मजबूत असते. काटे बघणाऱ्याच्या बाजूचे काढा. फांद्या आधी कडक उन्हात चांगल्या तापवा, आतली कीड दालनात न्यायची नाही. जमिनीवर वावरणारे पक्षी, जसे तित्तर किंवा टिटवी, उंच स्टँडवर चुकीचे वाटतात. त्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा, लोकांना जरा वाकू द्या.

उडणारे पक्षी तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याने, टांगतात. एकाच तंगुसावर टांगलेला लोकरीचा पक्षी इतका हलका असतो की छताच्या पंख्याने दिवसभर गरगर फिरतो. पंखा बंद करावा तर माणसं घामाघूम. म्हणून दोन ठिकाणी बांधा, एक खांद्यांच्या मधे, एक शेपटीच्या मुळाशी, आणि वर दोन्ही तंगूस थोड्या अंतरावर अडकवा. तंगूस नुसता लोकरीतून ओवला तर तो हळूहळू कापत वर येतो. आत तारेच्या छोट्या कडीला बांधा.

उजेड बाजूने आणि थोडा वरून हवा. समोरून पडलेला उजेड गोलाई मारतो आणि पक्षी चपटा दिसतो. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा. संग्रहालयांत लोकरीच्या वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच, म्हणजे मंद, उजेड ठेवतात. तुमच्या आठवडाभराच्या प्रदर्शनात इतकं जपायला नको, पण रंगवलेली लोकर उन्हात फिकी पडते हे खरंच.

आता हात लावण्याबद्दल. "कृपया स्पर्श करू नये" अशी पाटी लोकरीसमोर टिकत नाही. मोठी माणसंसुद्धा पाटी वाचून मग हात लावतात. त्यापेक्षा दाराशीच एक पक्षी ठेवा आणि लिहा: "याला हात लावा." शेजारी सुटी लोकर आणि अर्धवट झालेला गाभाही ठेवा. हौस तिथेच फिटते, आणि "क्रोशाचे का?" हा प्रश्नही निम्म्याने कमी होतो. हा पक्षी आठवड्यानंतर गोळे उठून केविलवाणा होईल, त्यासाठीच तो केलेला असतो.

चिठ्ठीवर पक्ष्याचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, कोणती लोकर, किती उंची, किंमत. गावोगाव एकाच पक्ष्याला निरनिराळी नावं असल्यामुळे शास्त्रीय नाव वाद मिटवतं. विकायचे असतील तर एक लक्षात ठेवा: घुबडांसमोर गर्दी सगळ्यात जास्त होते, पण "घरात घुबड नको गं बाई" हेही तिथेच ऐकू येतं. लक्ष्मीचं वाहन आहे हे सांगून फारसा उपयोग होत नाही. चिमणी, बुलबुल, हळद्या ठेवा जोडीला.

घरी आणल्यावर

लोकर हवेतला ओलावा पुष्कळ शोषून घेते आणि हाताला कोरडीच लागते. म्हणून पावसाळ्यात पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून माळ्यावर टाकू नका, बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, पातळ कागदात सैल गुंडाळून ठेवा. पंख दबले असतील तर किटलीच्या वाफेवर लांबून धरा आणि बोटांनी आकार द्या.

कसर हा खरा शत्रू. तिची अळी लोकर खाते आणि बाहेरून कळेपर्यंत आत भोकं पडलेली असतात. डांबरगोळ्यांचा वास पक्ष्यांना महिनोन्महिने जात नाही, त्यामुळे मी त्या वापरत नाही. संशय आला की पक्षी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरतं. धनगराकडून आणलेली नवी लोकरही धुऊन, वाळवून अशीच फ्रीझरमधून काढा आणि मगच जुन्या पक्ष्यांच्या खोलीत न्या. आइस्क्रीमशेजारी पिंगळा बघून घरचे काय म्हणतील याची तयारी आधीच ठेवलेली बरी.